आधी घर, मग ट्रक

आर्डिस टॉलेफसनची उंची पाच फूट अकरा इंच. तिच्या सासूची पाच फूटही नव्हती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं.

टॉलेफसनांचं घर गावापासून दोन मैलांवर, साखरेच्या बीटच्या शेतांमध्ये. त्या घरातला स्वयंपाकाचा ओटा तिच्या नवऱ्याच्या, ऑरिनच्या, वडिलांनी आपल्या बायकोच्या मापाने, स्वतःच्या हातांनी बांधला होता. आर्डिस लग्न होऊन आली तेव्हा सासू खमकी होती आणि ओटाही. सासूला जाऊन बावीस वर्षं झाली, ओटा आहे तिथेच राहिला. त्या ओट्यावर वाकून आर्डिसने एक्केचाळीस वर्षं कणीक मळली, मासे साफ केले, नाताळच्या बटाट्याच्या पोळ्या लाटल्या. कंबर धरली की ती भिंतीला पाठ टेकून दोन मिनिटं उभी राहायची. कुणी पाहिलंच तर म्हणायची, "घड्याळ बघत होते."

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या रेड नदीच्या खोऱ्यातली ही माणसं अशीच. यांच्या आजोबा-पणजोबांनी नॉर्वेहून येताना काय आणलं ते मला माहीत नाही, पण तक्रार करायची सवय नक्कीच तिकडे ठेवून आले. एखादी गोष्ट फार आवडली तर म्हणतात, "वाईट नाही." मुळीच आवडली नाही तर म्हणतात, "वेगळंच आहे." यापुढे जाणारा माणूस बाहेरगावचा समजावा. मला इथे सव्वीस वर्षं झाली, तरी मी बाहेरगावचीच आहे, आणि आर्डिस माझ्याशी थोडंफार बोलते ती बहुधा त्यामुळेच.

मी गावच्या वाचनालयात काम करते. ऑक्टोबर आला की अर्ध्या गावासारखी रजा टाकते आणि बीटच्या हंगामाला जाते. साखर कारखान्याच्या काट्यावर आर्डिस आणि मी शेजारी-शेजारी बसतो. भरलेला ट्रक काट्यावर चढतो, आम्ही वजन घेतो. तो बीट ढिगावर रिकामे करून परत येतो, आम्ही पुन्हा वजन घेतो. वजाबाकी करून चिठ्ठी खिडकीतून देतो. ज्या वर्षीची ही गोष्ट, तो आर्डिसचा सत्ताविसावा हंगाम होता. ड्रायव्हर लाडीगोडी लावतात, "आर्डिस, जरा काट्यावर बोट ठेव की." ती म्हणते, "बोट ठेवलं तर बोटाचं वजन वजा करीन." तिच्या चिठ्ठीवर आजवर कुणी भांडलेलं नाही.

हंगामाला गावची माणसं पुरत नाहीत. मग देशभरातून चाकांवरच्या घरात कायमची राहणारी माणसं येतात, जत्रेच्या मैदानावर आपली घरं लावतात, तीन आठवडे राबतात आणि थंडी पडायच्या आत दक्षिणेला निघून जातात. आर्डिस दर वर्षी त्यांना खिडकीतून विचारत असे. नळ गोठले तर काय करता? दोघांत एक दार, मग भांडण झालं तर कुठे जाता? ऑरिनला वाटायचं, बायको पाहुण्यांची विचारपूस करते आहे.

त्या वर्षी मात्र ठरलं होतं. शेत पुतण्याला कसायला दिलेलंच होतं, डिसेंबरपासून घरही त्याच्या कुटुंबाला द्यायचं होतं. एक तर चर्चशेजारच्या म्हाताऱ्यांच्या इमारतीत दोन खोल्या, नाहीतर चाकांवरचं घर. आर्डिस म्हणाली, "चाकं." ऑरिन म्हणाला, "वाईट नाही." पुतण्याच्या बायकोने तेवढ्यात पडद्यांची मापं घेतली.

ऑरिनच्या लेखी अर्धं काम झालेलंच होतं, कारण ट्रक त्याच्याकडे होता. शेती सोडली तेव्हा घेतलेला, लाल, डिझेलचा, चार दारांचा. आयुष्यभर त्याने वडिलांचे ट्रॅक्टर चालवले आणि भावाचे जुने ट्रक. हा पहिलाच असा, ज्याचा रंगसुद्धा त्याने निवडला होता. दर शनिवारी तो त्याला धुवायचा, आणि धूळ उडू नये म्हणून घरच्या कच्च्या रस्त्यावर इतका हळू चालवायचा की कुत्रा पुढे निघून जायचा.

"सतरा हजार पौंड ओढतो," तो सगळ्यांना सांगायचा. "आता फक्त याच्या मागे लावायला घर बघायचं."

ते घर आर्डिसलाच दिसलं. ओक्लाहोमाची ट्वायला प्रुइट आणि तिचा नवरा डब नऊ वर्षं चाकांवर राहत होते. आता डबचे गुडघे गेले, लेकीने मागच्या अंगणात खोली बांधली, आणि हंगाम संपला की घर विकून जायचं त्यांनी ठरवलं होतं. विकलं गेलं नाही तर ओढत ओक्लाहोमाला न्यायचं, तिथे कुणीतरी घेईलच. ते घर फिफ्थ व्हील जातीचं. म्हणजे ते ट्रकच्या मागे दोरीला बांधल्यासारखं येत नाही. त्याची मान ट्रकच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या बरोबर वर टेकते.

आर्डिस बघायला गेली ती लिंबाच्या वड्यांचा ट्रे घेऊन. दुसऱ्या दिवशी काट्यावर आली आणि पहिल्या चार ट्रकांच्या चिठ्ठ्या दिल्या. मग म्हणाली, "शोभा, मी काल ट्वायलाकडे उभी राहून भांडी घासली."

"मग बसून कोण घासतं?"

"तसं नाही. उभी राहून. सरळ."

ट्वायला आर्डिसएवढीच उंच. डबने तिच्यासाठी चाकांवरच्या घरातला ओटा चांगला चार इंच वर उचलून घेतला होता. आर्डिसने त्या ओट्यावर हात ठेवले आणि पाठ वाकलीच नाही. म्हणून तिने ट्वायलाची सगळी भांडी घासली; उष्टी संपली तेव्हा कपाटातली धुतलेलीही काढून घासली. ट्वायला फडकं घेऊन पुसत गेली.

"ऑरिनला सांगितलंस?" मी विचारलं.

"काय सांगायचं? घर बघितलं, वाईट नाही, असं सांगितलं."

पहिल्या आठवड्यात ऊन वाढलं आणि हंगाम थांबला. बीट गरम असताना ढिगावर टाकले तर आतून कुजतात, म्हणून उष्मा चढला की कारखाना काम बंद ठेवतो आणि आम्ही सगळे हात चोळत बसतो. काटा रिकामा होता. ट्वायलाचं घर त्यावर मोजून बघायला मुकादमाने हरकत घेतली नाही. डबने घराची मान अडकवायची आपली जोडणी ऑरिनच्या हौद्यात बसवून दिली, त्यात अख्खी सकाळ गेली, आणि दुपारी लाल ट्रक ट्वायलाचं घर ओढत काट्यावर आला. शेजारी बसलेला डब खिडकीतून हात बाहेर काढून राजासारखा हलवत होता.

आर्डिसने नेहमीसारखं वजन घेतलं. ट्रक, घर, दोन माणसं, सगळं मिळून एकवीस हजार सहाशे चाळीस पौंड. ट्रकच्या पुस्तकात सगळं मिळून पंचवीस हजार चालतात असं लिहिलं होतं. तिने चष्मा काढला, खिडकी उघडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बसतंय. जागा उरूनही बसतंय."

ऑरिनने टोपी काढून पुन्हा घातली. टॉलेफसनांच्या घरात यापेक्षा मोठा आनंद कुणी दाखवलेला नाही. मुकादम म्हणाला, "मग काय, अभिनंदन!" आणि आम्ही खणांमधून कागदी पेले शोधून कॉफी ओतली.

ट्वायला तेवढ्यात जत्रेच्या मैदानावरून चालत आली. "कसं मोजलंत गं?"

"कसं म्हणजे? काट्यावर घेऊन."

"सगळं एकदम?"

"मग तुकडे करून मोजू?"

"अगं बाई," ट्वायला म्हणाली, "हे बीट नव्हेत. घराची सगळी चाकं जमिनीवर आहेत, ती आपला भार आपण पेलतात. पण मान कुणाच्या पाठीवर आहे? ट्रकच्या. तो किती ओढतो ते राहू दे, किती उचलतो ते बघ." तिने ऑरिनच्या ट्रकचं दार उघडलं आणि चौकटीवरच्या पिवळ्या पट्टीवर बोट ठेवलं. "हे वाच. माणसं, सामान, जोडणी, सगळं धरून एकवीसशे पौंड. आता नुसता ट्रक काट्यावर घ्या. घर जोडलेलंच मागे मातीवर राहू दे."

बीटच्या काट्यावर ट्रक अख्खा चढतो आणि अख्खा उतरतो. अर्धीच गाडी मोजायची वेळ सत्तावीस हंगामांत आर्डिसवर आली नव्हती. एखाद्या परक्या बाईने सहज धरलं असतं ते तिला दिसलं नाही, कारण तिला काटा फार चांगला येत होता.

"तुलाच घर विकायचंय ना?" ऑरिन ट्वायलाला म्हणाला. आवाज गोड नव्हता.

"विकायचंय तर. पण डोंगर उतरताना माझ्या घराने तुम्हाला ढकलून दरीत घातलं, असं पेपरात वाचायचं नाहीये मला."

ऑरिनने गाडी मागे घेतली, मग हळूच पुढे. ट्रकची चाकं काट्यावर, घराची मातीवर. आर्डिसने आकडा वाचला. अकरा हजार एकशे साठ. त्या ट्रकला स्वतःचं वजन धरूनही दहा हजारांच्या वर परवानगी नव्हती.

ऑरिन काचेतून तिच्याकडे बघत होता. मी शेजारीच होते, मला तिचा हात दिसत होता. नुसतं "ठीक" म्हणाली असती तर संपलं असतं. घर मिळालं असतं, ओटा मिळाला असता, ट्रक राहिला असता, आणि ऑरिनने तिचा शब्द कुणाकडून तपासून घेतला नसता. तिने आकडा चिठ्ठीवर लिहिला, खाली सही केली आणि इतर कुठल्याही ड्रायव्हरला देते तशी खिडकीतून दिली.

"मघाशी मी चुकले," ती म्हणाली.

ऑरिनने चिठ्ठी वाचली, घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली. "बरं," म्हणाला.

ते "बरं" पाच दिवस पुरलं. दोघं एका घरात राहत होती, एका टेबलावर जेवत होती, आणि कांदे संपलेत इतकंच एकमेकांना सांगत होती. हंगाम पुन्हा सुरू झाला. आर्डिस काट्यावर यायची, चिठ्ठ्या द्यायची, आणि मधल्या वेळेत जत्रेच्या मैदानाच्या दिशेला बघायची नाही.

सहाव्या दिवशी पावसाने काम थांबलं. ऑरिन म्हणाला, फार्गोला चाकांवरच्या घरांचं दुकान आहे, तिथे हलकी घरंही मिळतात, बघून येऊ. मला मागच्या सीटवर बसवून नेलं. तिसरं माणूस गाडीत असलं की नवराबायकोला एकमेकांशी बोलावं लागत नाही.

दुकानातल्या तरुण बाईने दाखवलं ते घर सुबक होतं. पांढरी कपाटं, भिंतीत शेगडीचा खोटा जाळ. ऑरिनने बाहेरूनच विचारलं, "मानेवर किती भार येतो?" तिने सांगितलं. त्याने बोटांवर हिशेब केला आणि चेहरा उजळला. "आर्डिस, हे आपला ट्रक हसत उचलेल!"

आर्डिस ओट्यापाशी उभी होती. ओटा तिच्या मांडीच्या जरा वर. वरचं कपाट कपाळाला लागत होतं, म्हणून मान एका बाजूला कललेली. तिने पाण्याचा नळ उघडला, बंद केला.

"कसं आहे?" ऑरिनने विचारलं.

"वेगळंच आहे," आर्डिस म्हणाली.

दुकानातली बाई हसली. ती बाहेरून आलेली असावी. ऑरिन हसला नाही. त्याला शब्दाचा अर्थ नीट माहीत होता, आणि एरवी तो तिथेच थांबला असता. दोघांनी काही झालंच नाही असं दाखवून घरी यायचं, आणि पुढची दहा वर्षं चर्चशेजारच्या दोन खोल्यांत काढायची, अशीच या लोकांची रीत. मी दाराकडे सरकले.

"काय वेगळं आहे?" ऑरिन म्हणाला.

"काही नाही."

"आर्डिस. इतका पाऊस तुडवत आलोय. काय वेगळं आहे?"

ती अजून ओट्याकडेच तोंड करून होती. "मला हे नको. मला ट्वायलाचं घर हवंय. तिचा ओटा माझ्या मापाचा आहे. तुझ्या आईच्या ओट्यावर माझी कंबर मोडली, ऑरिन. एक्केचाळीस वर्षं मोडते आहे. आता मला आणखी एका बुटक्या ओट्यावर मरायचं नाही."

दुकानातल्या बाईने माहितीपत्रकं छातीशी धरली आणि "मी आलेच" म्हणून निघून गेली.

"कधी बोलली नाहीस," ऑरिन म्हणाला.

"तू विचारलं नाहीस."

"तू कण्हलीस तरी असतीस तर मी विचारलं असतं!"

"तुमच्या घरात कोण कण्हतं? तुझ्या बापाला घोड्याने लाथ मारली तेव्हा तो 'जरा हवा गार आहे' म्हणाला होता!"

ऑरिनला हसू यायला लागलं होतं, ते त्याने गिळलं. खोट्या जाळासमोरच्या कोचावर तो बसला. "मग ट्रक जाणार," तो म्हणाला.

"हो."

"लाल आहे गं तो."

"मला दिसतं तो लाल आहे."

"तेवढी एकच गोष्ट मी स्वतः..." आर्डिसने बाकीचं वाक्य त्याच्याकडून मागितलं नाही. त्याच्याशेजारी बसली. कोच इतका ठेंगणा की दोघांचे गुडघे छातीशी आले. मी पायरीवर उभी राहून पावसाकडे बघत राहिले, आणि मग आतून ऑरिनचा आवाज आला, "तो ओटा खाली ठोकळे घालून कधीच वर उचलता आला असता. अर्ध्या दिवसाचं काम."

"आता पुतण्याच्या बायकोला सांग," आर्डिस म्हणाली. "तीही उंच आहे."

हंगाम वीस तारखेला संपला. ट्वायलाने घर चार दिवस आणखी थांबवून ठेवलं; डबला सांगितलं, तुझे गुडघे ओक्लाहोमात गेल्यावरही दुखणारच आहेत. त्या चार दिवसांत टॉलेफसनांनी ट्रक बघितले, आणि त्याची गोष्ट गावात अजून सांगतात. विक्रेता गाडीचा रंग, गाद्या, गाणी लावायचं यंत्र दाखवायचा. आर्डिस सरळ दार उघडून चौकटीवरची पिवळी पट्टी वाचायची आणि दार लावून पुढच्या गाडीकडे जायची.

"बाई, हा ट्रक डोंगर ओढेल!" एकजण म्हणाला.

"डोंगर तिथेच राहू दे. घराची मान उचलायची आहे."

शेवटी मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं असलेले दोन ट्रक उरले. दोन्ही जुने, दोन्ही पिवळ्या पट्टीत पास. एक पांढरा, कमी चाललेला. दुसरा शिजवलेल्या कोबीच्या रंगाचा, एका दाराला पोचा. आर्डिसला पांढराच घ्यावासा वाटत होता, हे तिने मला नंतर सांगितलं. पण तिथे ती म्हणाली, "दोन्ही चालतील. माझं काम झालं. आता तू घे," आणि जाऊन ऑफिसात कॉफी पीत बसली.

ऑरिनने दोन तास लावले. दोन्ही गाड्यांखाली पाठीवर झोपून सरपटला. दोन्हींची इंजिनं चालू करून बॉनेटवर कान ठेवून ऐकली. मग आत आला तेव्हा त्याच्या कोटाला तेल लागलं होतं.

"कोबी," तो म्हणाला.

"कोबी?" आर्डिस म्हणाली, आणि तिच्या तोंडून "वेगळाच आहे" निघेल म्हणून मी श्वास रोखला. तिने कोबीकडे बघितलं, पोच्याकडे बघितलं. "ऑरिन, रंग भयानक आहे."

"आहेच," ऑरिन म्हणाला. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. "पण इंजिन ऐक."

ती बाहेर जाऊन खरंच ऐकून आली.

लाल ट्रक एका तरुण दंतवैद्याने नेला. ऑरिनने आदल्या दिवशी तो धुतला, आणि नेताना बघायला नको म्हणून मागच्या अंगणात लाकडं फोडत राहिला. लागतील त्याच्या दुपटीने फोडली.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघायचं होतं. जाण्याआधी घर मागे घ्यायला शिकणं भाग होतं, कारण पुढे जायला कुणालाही येतं. जागेवर लावताना घर मागेच न्यावं लागतं, आणि ट्रक डावीकडे वळवला की ते उजवीकडे जातं. चर्चमागच्या मोकळ्या पटांगणात चार बादल्या ठेवून त्यांनी सुरुवात केली. आर्डिस चालवत होती, ऑरिन मागे उभा राहून हात हलवत होता.

"डावीकडे!"

"कुणाच्या डावीकडे?"

"घराच्या!"

"घराला डावं कुठलं, ऑरिन? तोंड कुठलं ते आधी सांग!"

"थांब! थांब! बादली!"

"मला बादली दिसत नाही!"

"आता दिसणारही नाही, मेली ती!"

मी पायऱ्यांवर कॉफीचा थर्मास घेऊन बसले होते. रस्त्यापलीकडच्या घरांत पडदे हलले. टॉलेफसनांचा आवाज त्या पटांगणाच्या पलीकडे गेलेला कुणी ऐकला नव्हता. चौथ्या वेळेला आर्डिस काच खाली करून इतक्या जोरात ओरडली की चर्चचं मागचं दार उघडलं आणि पाद्रीबाई हातातला चमचा तसाच घेऊन धावत बाहेर आल्या; रविवारच्या जेवणाला बटाटे कुस्करत असाव्यात.

"काय झालं? कुणाला लागलं का?"

"नाही, नाही," ऑरिन म्हणाला. थंडीत त्याच्या तोंडातून वाफ येत होती आणि टोपी मागे सरकली होती. "आम्ही बोलतोय."

मग तो वळला, दोन्ही हात डोक्यावर नेले आणि घर पुन्हा मागे बोलावू लागला.